खरी गजाल की रचलेली?

ताई, नमस्कार. मी फोंड्याचा, वय 41, वेर्ण्याला औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनीच्या बसने जाऊन-येऊन दिवसाचे दोन तास जातात आणि ते सगळे फोनवरच जातात. मला सगळ्यातलं थोडंथोडं जाणून घ्यायला आवडतं, इतिहास, आकाश, प्राणी, गोव्याचं जुनं काहीही, म्हणून नेटवर 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' टाइपच्या लिस्ट बघून पुस्तकं मागवतो. मागच्या वर्षभरात अकरा आणली, एकही पुरं झालं नाही. बायको मात्र कादंबऱ्यांचा फडशा पाडते, मृत्युंजय तिने चारदा वाचलंय. मी म्हणतो रचलेल्या गोष्टींत वेळ कशाला घालवायचा, माहितीचं वाचावं, ती म्हणते तुझी माहितीची पुस्तकं तू तरी कुठे वाचतोस. मागच्या मे महिन्यात आम्ही कुर्डीला, धरणात बुडालेल्या त्या गावाला, गेलो होतो. मुलगी 13 वर्षांची, ती विचारायला लागली की इथली माणसं कुठे गेली, आणि घर सोडताना काय काय सोबत नेलं असेल त्यांनी. पहिल्याचं उत्तर मी फोनवर शोधून दिलं. दुसऱ्याचं नाही देता आलं. तर मला दहा-बारा पुस्तकांची सरमिसळ लिस्ट द्या, आणि एकदाचं सांगून टाका, गोष्टी-कादंबऱ्यांना वेळ द्यायचा का नाही?
– एक वाचक, फोंडा

अरे, तू मला ताई म्हटलंस म्हणून मी सरळ अरे-तुरेवर येते, राग मानू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कुर्डीच्या वाक्यावर थांबले, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या मुलीने तिथेच देऊन टाकलंय, तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच. माणसं कुठे गेली, हा माहितीचा प्रश्न. घर सोडताना काय नेलं असेल, हा गोष्टीचा प्रश्न. आणि दोन्ही प्रश्न एकाच पोरीने, एकाच पडक्या जोत्यावर उभं राहून, एका दमात विचारले. तिला मध्ये भिंत दिसली नाही. आपल्याला दिसते कारण दुकानात आणि लायब्ररीत कपाटं वेगळी असतात.

माझ्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं. सांग्याकडच्या त्या, दुपारी काजूच्या बिया सोलायला बसल्या की मी त्यांना काहीतरी वाचून दाखवायचे, असंच एकदा लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे सुरू केलं. नवरा धर्म बदलतो 1895 मध्ये, बायको आपल्या धर्माला घट्ट धरून राहते, पाच वर्षांनी तीही ख्रिस्ती होते, आणि या सगळ्यात सोवळंओवळं, भांडणं, रुसवे, पोराची काळजी, सगळं इतक्या साध्या बोलीत की सासूबाईंनी बिया बाजूला ठेवल्या आणि विचारलं, ही खरी गजाल (गोष्ट) काय रचिल्ली? मी म्हटलं खरी, आत्मचरित्र आहे. तर त्या म्हणाल्या, मग एवढी बरी कशी काय सांगता येते तिला? हा प्रश्न माझ्या डोक्यात तीस वर्षं आहे. खरं असणं एक आणि खरं वाटेल असं सांगता येणं दुसरं, आणि चांगल्या पुस्तकाला दोन्ही लागतात, मग त्याच्यावर कादंबरी लिहिलेलं असो की इतिहास.

म्हणून मी तुला शंभराची लिस्ट देणार नाही, दहाचीही तशी नाही. तुझी अकरा पुस्तकं पुरी झाली नाहीत याचं कारण तू आळशी आहेस असं मला वाटत नाही, ती पुस्तकं दुसऱ्या कुणाच्या तरी कुतूहलातून आली होती, तुझ्या नव्हे. तुझे प्रश्न तुझ्या पत्रात आहेत. एक प्रश्न घे, त्याला एक माहितीचं आणि एक गोष्टीचं पुस्तक जोड, दोन्ही आलटून पालटून वाच. मी वर्षानुवर्षं असंच वाचते, आणि एक जोडी संपली की ती पुढचा प्रश्न आपणच हातात देते.

कुर्डीपासूनच सुरू करू. साळावली धरण झालं आणि सांगे तालुक्यातलं हे गाव पाण्याखाली गेलं, माणसं वाडें आणि वालकिणी या गावांत वसवली, आणि दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की जोती, विहिरी, वाटा पुन्हा वर येतात आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, हे तू फोनवर वाचलंच असशील. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातली कुर्डी ती हीच. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलंय. आणि आता एक तुझ्या कामाची गोष्ट. कुर्डीची ती जांभ्या दगडातली मोठी आडवी मातृदेवी, ती कुठे आहे माहितीय? वेर्ण्याला, जुन्या म्हाळसेच्या देवळाच्या जागेत. म्हणजे तू रोज जिथे कामाला जातोस तिथून दहा मिनिटांवर. तुझ्या मुलीने विचारलं ना घर सोडताना काय नेलं, हे घे, देव नेले. बाकी काय नेलं ते कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि बरोबर इथेच कादंबरी लागते.

विश्वास पाटलांची झाडाझडती वाच. 1991 ची कादंबरी, 1992 ला साहित्य अकादमी मिळालं. गोव्याची नाही, महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांची आहे, पण लिहिणारा माणूस सरकारी सेवेतला, फायली आतून बघितलेला, त्यामुळे जमिनीचा मोबदला कसा अडकतो, पुनर्वसनाच्या जागी गेल्यावर तिथली आधीची माणसं काय म्हणतात, दलाल कुठून उगवतात, हे सगळं त्यात इतकं बारीक आहे की अहवालात सापडणार नाही. जाडजूड आहे, सांगून ठेवते, आणि अधेमधे अंगावर येते. पण ती वाचून तू पुढच्या मे मध्ये कुर्डीला गेलास तर तुला ते गाव वेगळं दिसेल. आणि जोडीला त्या जुन्या गावकऱ्यांपैकी कुणी भेटलं तर मुलीला तोच प्रश्न त्यांना विचारू दे, काय नेलं होतंत? कुणी पाटा-वरवंटा सांगेल, कुणी माडाची रोपं. तेही वाचनच आहे असं मी मानते.

आता तुझ्या बायकोची बाजू. चार वेळा मृत्युंजय वाचणारी बाई वेळ घालवत नाहीये रे, तिला कर्ण सुटत नाहीये. तिला हिणवू नकोस, तिला इरावती कर्व्यांचं युगान्त आणून दे. गंमत बघ, दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी आली, 1967 ला. सावंतांनी कर्णाला, कुंतीला, दुर्योधनाला, वृषालीला, शोणाला, कृष्णाला तोंड दिलं, प्रत्येकजण आपली बाजू स्वतः सांगतो, त्यामुळे वाचताना आपण कर्णाच्या बाजूने रडतो. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, आयुष्यभर त्यांनी नातेसंबंधांचा अभ्यास केला, भारतात कोण कुणाला काय म्हणतं, कुणाचं लग्न कुणाशी होतं, कुणाची मालमत्ता कुणाकडे जाते, आणि तीच नजर घेऊन त्या महाभारतात शिरल्या. कुंती, गांधारी, द्रौपदी, विदुर, एकेक माणूस घेऊन त्याच्यासमोर बसून विचारपूस केल्यासारखं पुस्तक आहे. कर्णाला त्या फारशी सूट देत नाहीत. तुझी बायको चिडेल, मी पैजेवर सांगते, आणि चिडून पुन्हा मृत्युंजय उघडेल आणि पाचव्यांदा वेगळ्या डोळ्यांनी वाचेल. तू मात्र एक कर, ती युगान्त वाचत असताना तू मृत्युंजय वाच. मग रात्री जेवताना काय भांडायचं ते भांडा. तुमच्या घरातल्या भांडणाला मला वाटतं एवढंच हवंय, दोघांनी दोन्ही पुस्तकं वाचलेली हवीत. दुर्गाबाई भागवतांचं व्यासपर्वही याच रांगेतलं, पण ते नंतर, आधी ही दोन.

रचलेल्या गोष्टीत वेळ कशाला, असं तू म्हणतोस त्याच्यावर मला गोव्यातलंच एक उदाहरण द्यायचंय, ते मला फार प्रिय आहे त्यामुळे थोडं लांबेल.

पणजीत चर्चसमोरच्या बागेत कधी बसला असशील, गार्सिया द ओर्ताची बाग. हा ओर्ता पोर्तुगीज डॉक्टर, 1534 ला गोव्यात आला आणि इथेच राहिला, इथेच 1568 ला वारला. 1563 मध्ये त्याने गोव्यातच एक पुस्तक छापलं, इथली औषधं, झाडपाला, मसाले, फळं यांच्यावर. भारतात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती, 1556 ला तो गोव्यातच आला हे तुला माहीत असेल. आता पुस्तक बघ काय आहे. शुद्ध माहितीचं, शास्त्राचं. दालचिनी कुठून येते, आंबा, फणस, भांग, हिंग, आणि त्यात पटकीने मरणाऱ्या रोग्याचं असं वर्णन आहे की युरोपियन माणसाने लिहिलेलं ते पहिलं नीट वर्णन मानलं जातं. पण सांगितलंय कसं? दोन माणसांच्या गप्पांतून. एक ओर्ता स्वतः, आणि दुसरा रुआनो नावाचा त्याचा जुना मित्र, स्पेनमध्ये बरोबर शिकलेला, युरोपातून नुकताच आलेला, जुन्या ग्रीक ग्रंथांवर विश्वास ठेवणारा, आणि सारखे प्रश्न विचारणारा. हा रुआनो कधी नव्हताच. ओर्ताने तो रचला.

का रचला असेल विचार कर. सरळ लिहिलं असतं की ग्रीक पंडित चुकले, मी इथे डोळ्यांनी बघितलंय ते असं आहे, तर ते कुणी ऐकलं नसतं. पण रुआनो ग्रंथाचा दाखला देतो आणि ओर्ता त्याला म्हणतो बस, चाखून बघ, आणि वाचणारा आपोआप रुआनोच्या जागी जाऊन बसतो. मध्येच स्वयंपाकघरातली पोर फळ घेऊन येते, मध्येच एक हिंदू वैद्य येतो आणि आपलं औषध सांगून जातो. म्हणजे गोव्यात छापलेलं शास्त्रावरचं सगळ्यात गाजलेलं जुनं पुस्तक, त्याच्यातला अर्धा बोलणारा काल्पनिक आहे, आणि म्हणून त्यातली माहिती आजही वाचावीशी वाटते. ओर्ता ज्यू मुळाचा होता. मेल्यावर 12 वर्षांनी, 1580 ला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, बहिणीला तर आधीच जिवंत जाळलं होतं. हे सगळं कळल्यावर मी ते पुस्तक परत चाळलं तेव्हा त्या गप्पांतला मोकळेपणा बघून गळा दाटला, की हा माणूस केवढं आत दाबून ठेवून आंब्यावर बोलत होता. इंग्रजी भाषांतर 1913 चं आहे, सगळं वाचायची गरज नाही, आंबा, मिरी, भांग एवढी प्रकरणं वाच. तू औषध कंपनीत आहेस का दुसऱ्या कशात ते लिहिलं नाहीस, पण क्वालिटीवाल्या माणसाला ओर्ता आवडेल, तो कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. आणि याच्या जोडीला इतिहास हवा असेल तर अ. का. प्रियोळकर, आपल्या प्रियोळचे, म्हणजे तुझ्या फोंडा तालुक्यातलेच. भारतातल्या छापखान्यावरचं त्यांचं पुस्तक 1958 चं आणि गोव्यातल्या इन्क्विझिशनवरचं 1961 चं, दोन्ही इंग्रजीत आहेत. दुसरं रात्री झोपताना वाचू नकोस.

हां, याच ओघात मुलीला एक सांग. 1616 मध्ये रायतूरला थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीचं क्रिस्तपुराण छापलं, मराठी ओव्यांत, पण लिपी रोमन. इंग्लिश मीडियमची मुलं आज फोनवर मराठी टाइप करतात तसं. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, मी वर्गात बघितलंय.

आता बसचं. तुझी बस बोरीच्या पुलावरून जाते ना, ते दोन तास म्हणजे सोनं आहे. दामोदर कोसंबी मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गणित करायचे आणि राहायचे पुण्यात, डेक्कन क्वीनने ये-जा. गोव्यातल्या कोसबें गावचा जन्म त्यांचा, 1907 चा. गणितातून नाण्यांकडे गेले, नाण्यांतून इतिहासाकडे, इतिहासातून पायी हिंडून गावातले देव आणि दगड बघण्याकडे, कुठलंच कपाट त्यांनी मानलं नाही. त्यांच्या मिथ अँड रिअ‍ॅलिटी या 1962 च्या पुस्तकात गोव्यातल्या गावकारीवर, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभारावर, एक अख्खा लेख आहे, जुन्या काबिजादीतली म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातली गावं, पुराणात त्यांच्याबद्दल काय लिहिलंय आणि जमिनीवर काय दिसतं. जड आहे, मान्य. पण आपल्या गावच्या कोमुनिदादीचं (म्हणजे गावकारीचंच) भांडण ज्याने घरात ऐकलंय त्याला ते जड जाणार नाही.

पण मुलाच्या आधी बापाला वाच. धर्मानंद कोसंबींचं निवेदन. हे मी तुझ्या यादीत सगळ्यात वर ठेवेन. सांकवाळचा माणूस, 1876 चा जन्म, शाळा धड झाली नाही, घरचं नारळीचं कुळागर बघायचं काम, आणि बालबोधमेवा नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धावरचा लेख वाचला. एक लेख! तेवढ्यावर हा माणूस बायको-मूल मागे ठेवून निघाला, पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, आणि शेवटी सिलोनला जाऊन भिक्षू झाला, पुढे पाली शिकून थेट हार्वर्डला गेला. वाटेत उपाशी राहतो, आजारी पडतो, अपमान होतो, ते सगळं जराही न सजवता लिहिलंय. घरी मागे राहिलेल्या बायकोचं काय, हा प्रश्न वाचताना सारखा टोचतो आणि टोचायला हवा, मला त्यांचा त्यासाठी रागही येतो. सांकवाळ तुझ्या बसच्या शेवटच्या स्टॉपपासून लांब नाही. सांकवाळहून निघून काशीला पोचलेल्या माणसाचं पुस्तक वेर्ण्याच्या बसमध्ये वाच, मला दुसरी जागाच सुचत नाही त्याच्यासाठी.

इतिहास म्हणालास ना, तर एक उलटी-सुलटी जोडी. विष्णुभट गोडसेंचा माझा प्रवास, खरा प्रवास, पण कादंबरीसारखा. कर्ज झालंय, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घरचा मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून वरसईचा हा भटजी काकांबरोबर निघतो आणि 1857 च्या बंडात सापडतो, झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत. मिळवलेलं सगळं लुटलं जातं, घरी येताना उरते गंगेच्या पाण्याची कावड. छापून आलं 1907 मध्ये, तेही फेरफार करून, मूळ लिखाणाला धरून आवृत्ती 1966 ला निघाली, मिळाली तर ती घे. आणि त्याच्या समोर नंदा खऱ्यांची अंताजीची बखर ठेव, ही कादंबरी, पण लिहिलीय जुन्या बखरीसारखी, मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांच्या काळातला एक सामान्य, जरा लबाड माणूस आपली हकीकत सांगतोय. पहिली 20-25 पानं भाषेमुळे अडखळशील. तिथे थांबू नकोस, मोठ्याने वाच, कानाला पटकन कळतं.

आकाशाला नारळीकर, दुसरं कोण. यक्षांची देणगी या गोष्टी आणि आकाशाशी जडले नाते हे माहितीचं, दोन्ही एकाच माणसाची. 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कृष्णविवर ही गोष्ट नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्यालाही वाटलं की गोष्ट गोष्ट म्हणून उभी राहते का बघावं, नावावर नको. मला हे फार आवडतं. मुलीला आधी गोष्टी दे, मग तिला प्रश्न पडतील तेव्हा दुसरं जाडं पुस्तक घरात असू दे. तिला वाच म्हणून सांगू नकोस, फक्त असू दे.

प्राण्यांसाठी व्यंकटेश माडगूळकर. सत्तांतर ही वानरांच्या टोळ्यांची छोटी कादंबरी, एका बैठकीत होते, आणि नागझिरा हे त्यांचं जंगलात राहून केलेल्या नोंदींचं पुस्तक. कादंबरीत एकही माणसासारखं वाक्य वानराच्या तोंडी नाही, नोंदवहीत मात्र माणूस आपल्या एकटेपणाबद्दल बोलतो. दोन्ही वाचून बोंडल्याला किंवा मोल्याला जा, वानरं दिसली की गाडीत बसून न राहता दुरून अर्धा तास नुसती बघा. चितमपल्लींचं रानवाटा पण घरात आण.

कोकणीत वाचतोस का? देवनागरीत आहे, फोंड्याच्या माणसाला काय अडणार. पुंडलीक नायकांचं अच्छेव, 1977 चं, खाण गावात आली की शेताचं, देवळाचं, घरातल्या माणसांचं काय होतं. आणि याची माहितीची जोडी म्हणून मी तुला पुस्तक सांगत नाही, 2012 चा शाह आयोगाचा गोव्यातल्या खाणींवरचा अहवाल सांगते. हो, अहवाल. सरकारी इंग्रजी आहे, रटाळ आहे, पण अच्छेव वाचून झाल्यावर त्यातले टनाचे आकडे आणि लीजची नावं वाचलीस की आकड्यांना धूळ लागलेली दिसते. उलट क्रमाने वाचलंस तर दोन पानांत झोपशील. क्रम कधीकधी एवढा महत्त्वाचा असतो. आणि दामोदर मावजोंचं कार्मेलीन, 1981 चं, कुवेतला आया म्हणून जाणाऱ्या गोंयकार बाईचं. आपल्या आजूबाजूला कुणाच्या तरी घरचं कुणीतरी गल्फला गेलेलं असतंच, तरी त्या बाईच्या बाजूने आपण विचार करत नाही. मावजोंना नंतर ज्ञानपीठ मिळालं, पण ते ज्ञानपीठवाले म्हणून वाचू नकोस, माजोर्ड्याच्या दुकानात बसून माणसं ऐकलेला लेखक म्हणून वाच.

मुलीसाठी वेगळं एक, वीणा गवाणकरांचं एक होता कार्व्हर. शेंगदाण्यावर काम करणाऱ्या, गुलामीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाचं चरित्र. 13 वर्षांच्या वयाला बरोबर बसतं. मराठी हळू वाचत असेल तर रोज चार पानं तू मोठ्याने वाच, तेरा वर्षांची मुलंसुद्धा ऐकतात, फक्त ऐकतोय असं दाखवत नाहीत.

आता विकत आणायचं थांबव काही दिवस. फोंड्याची सरकारी लायब्ररी आहेच, आणि पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, कदंब स्टँडवरून चालत पाच-सात मिनिटं. 1832 चं ग्रंथालय आहे ते, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी, आणि आपण त्याच्या शेजारून बस पकडायला पळतो. गोव्यावरच्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे तिथे, बा. द. सातोस्करांचं गोमंतक: प्रकृती आणि संस्कृती तिथे बसून चाळ, ते एका दमात वाचायचं पुस्तक नाही, कुठल्याही गावाचं नाव डोक्यात आलं की उघडायचं पुस्तक आहे. काउंटरवरच्या माणसाला पुस्तकाचं नाव विचारण्यापेक्षा तुझा प्रश्न सांग, धरणात गेलेल्या गावांवर काय आहे तुमच्याकडे, असा. बघ कसे खुलतात ते.

अर्धवट राहिलेल्या अकरा पुस्तकांचं ओझं वागवू नकोस. एकेकाची 40 पानं वाच, नाही रुचलं तर कपाटात परत, कुणी वाचणारं भेटलं तर देऊन टाक. मी स्वतः एक फार गाजलेली कादंबरी तीनदा सोडली आणि पन्नाशीत चौथ्यांदा घेतली तेव्हा दोन दिवसांत संपली. पुस्तक तेच होतं. आणि फोनवरचे ते दहा मिनिटांत पुस्तकाचं सार सांगणारे व्हिडिओ, मला त्यांच्याबद्दल एवढंच म्हणायचंय की कुर्डीचं सार तू मुलीला दहा सेकंदांत सांगितलंस आणि तिचं समाधान झालं नाही.

बसमध्ये पाठीवरच्या बॅगेत एकच पुस्तक ठेव, दोन नको, दोन ठेवली की पुन्हा निवडत बसशील. जाताना माहितीचं, येताना गोष्टीचं असं माझ्या एका विद्यार्थिनीने करून बघितलं, शिफ्ट करून डोकं थकलेलं असतं तेव्हा गोष्ट बरी पडते म्हणाली, तुला उलट जमेल कदाचित. छोटी वही ठेव. त्यात सुविचार लिहू नकोस, प्रश्न लिही. श्याम मनोहरांची एक कादंबरी आहे, उत्सुकतेने मी झोपलो, 2008 चं साहित्य अकादमी मिळालेली, तुझ्या पत्रातला तो 'सगळ्यातलं थोडंथोडं जाणून घ्यायला आवडतं' हा स्वभाव, साध्या घरातल्या माणसाला कुतूहल असलं की त्याचं काय होतं, यावर मराठीत एवढं मनापासून दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. पण ती सहा महिन्यांनी घे, आधी वही थोडी भरू दे.

तर या आठवड्यात एवढं कर. शनिवारी शिफ्ट सकाळची असेल तर बायको आणि मुलीला वेर्ण्याला बोलावून घे, तिघं मिळून जुन्या म्हाळसेच्या जागी जा, कुर्डीहून आणलेल्या त्या देवीसमोर उभे राहा आणि मुलीला सांग, तू विचारलं होतंस ना काय नेलं, ही बघ. ती पुढचा प्रश्न विचारेल. तो वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि मला पण कळव, त्याला जोडी शोधायला मला आवडेल.

– ताई